जुळवणी कोणाची, साचा कोणाचा?

दीक्षाभूमीच्या मेळ्यात भीमगीतांच्या सीडींचे ढीग लागत, तो काळ फार जुना नाही. २००७ साली मोझर बेअर कंपनीने चित्रपटाची व्हीसीडी २८ रुपयांना नि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, तेव्हा सर्वांनाच नवल वाटले. पण हे परवडते कसे, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले?

उत्तराचा मोठा भाग वस्तूच्या बांधणीत आहे. साडेतीन इंची फ्लॉपी उघडून पाहा. प्लास्टिकची दोन कवचे, सरकती झडप, तिची बारीक स्प्रिंग, मध्ये धातूचा गोल तुकडा, चुंबकीय तबकडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना अस्तर. एवढे सारे जुळवायचे आणि त्यात मावणार १.४४ एमबी! सीडीत जुळवायचे जवळजवळ काहीच नाही. वितळलेले पॉलिकार्बोनेट साच्यात दाबले की चकती आणि तिच्यावरचे सूक्ष्म खड्डे एकदमच तयार होतात. वरून ॲल्युमिनियमचा पातळ थर व एक लेप, झाले काम. मावते ७०० एमबी, म्हणजे पावणेपाचशेहून अधिक फ्लॉप्यांचा ऐवज. (डीव्हीडीत दोन पातळ चकत्या चिकटवाव्या लागतात, एवढेच.)

म्हणजे खर्च वाचला तो जुळवणारे हात वगळून. नोएडा परिसरात कारखाने असलेली मोझर बेअर स्वतःही फ्लॉपीकडूनच सीडीकडे आली होती. पुढे पेनड्राइव्ह आले, इंटरनेट आले आणि २०१८ मध्ये कंपनी अवसायनात निघाली.

हे चामोर्शीत बसून का सांगायचे? आपली आयटीआय झालेली पोरे पुण्याला, चाकणला कंत्राटी जुळवणीच्या लाइनवर जातात. इंजिनिअर नवा नकाशा काढतो तेव्हा सर्वात आधी हेच काम पुसतो! चार स्क्रूंच्या जागी एक खटका बसवला, की चौघांपैकी तिघे घरी. त्यात त्याची चूक नाही, त्याचे कामच ते. प्रश्न एवढाच की नकाशा काढणाऱ्यांत, साचा घडविणाऱ्यांत आपला कोणी का नाही?

कोनसरीच्या लोहप्रकल्पात किती जण लागणार, यावर तालुक्यात चर्चा खूप होते. कोणत्या कामावर लागणार, हे कोणी विचारत नाही. औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, इंडो-जर्मन टूल रूममध्ये साचे बनविण्याचे शिक्षण मिळते. तिथे आपल्या जिल्ह्यातील दलित-आदिवासी मुलामुलींना वसतिगृह व शिष्यवृत्तीसह पाठवा, ही मागणी पालकमंत्र्यांपुढे लेखी गेली पाहिजे. आणि ती भरतीच्या यादीआधी.