हात सरळ झाले, मग पुढे?

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट ठाऊक नाही असा ख्रिस्ती माणूस सापडणे कठीण. मिशनच्या शाळेत शिकलेल्या इतरांनीही ती कधी ना कधी ऐकलेली असते. लुटारूंनी मारझोड करून रस्त्याकडेला टाकून दिलेला वाटसरू, त्याला पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी, आणि मग ज्याला यहुदी लोक तुच्छ मानत असा तो शोमरोनी. तो थांबतो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो. आपल्याकडचे उपदेश बहुधा इथेच संपतात.

लूकच्या शुभवर्तमानातली गोष्ट मात्र इथे संपत नाही. तो त्या जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, त्याची देखभाल करतो, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो आणि सांगतो, याहून जास्त खर्च आला तर मी परत येईन तेव्हा फेडीन. दोन दिनार म्हणजे त्या काळच्या मजुराची दोन दिवसांची कमाई. मला स्वतःला या गोष्टीतला हा रोकडा भाग फार आवडतो. पट्टी बांधायला कळवळा पुरतो. पण परत येईन असे सांगायचे, तर त्या माणसाचे उद्या काय होणार याचा विचार केलेला असावा लागतो.

हा विचार माणसाला कुठवर नेतो याचे एक उदाहरण वेल्लोरचे आहे. तामिळनाडूतल्या या गावी आयडा स्कडर या तरुण अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी १९०० साली एका खाटेवर दवाखाना सुरू केला. त्याचेच पुढे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज झाले. आज देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण तिथे जातात. या कॉलेजात १९४६ साली पॉल ब्रँड नावाचे हाडांचे शल्यचिकित्सक आले. दिसायला इंग्रज, पण जन्म १९१४ चा आणि तोही तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरावरचा. आईवडील मिशनरी. डॉक्टर होण्याआधी त्यांनी काही वर्षे बांधकामाचे शिक्षण घेतले होते. गवंडीकाम, सुतारकाम सगळे हाताने केलेले. हे शिक्षण पुढे फार उपयोगी पडले.

चेंगलपट्टूला डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांच्याकडे कुष्ठरोग्यांचे मोठे आरोग्यधाम होते. तिथे ब्रँड गेले, तेव्हा आखडलेल्या पंजांचे, झडलेल्या बोटांचे किती तरी रुग्ण त्यांनी पाहिले. या हातांवर हाडांच्या डॉक्टरांनी काय संशोधन केले आहे, असे त्यांनी विचारले. उत्तर आले की कोणीच केलेले नाही. त्या काळी हा ‘महारोग’ होता. बहुतेक सर्वसाधारण रुग्णालये अशा रुग्णाला खाट द्यायलाही तयार नसत. ब्रँड यांनी एका रुग्णाच्या वाकड्या पंजात आपला हात दिला आणि जोराने दाबायला सांगितले. त्याने दाबला, आणि डॉक्टर कळवळले. म्हणजे मनगटाच्या वरचे स्नायू धडधाकट होते. मज्जातंतू निकामी झाल्याने पंजातले काही छोटे स्नायू तेवढे लुळे पडले होते.

मग त्यांनी चांगल्या स्नायूची कंडरा, म्हणजे हाडाला जोडणारी ती दोरीसारखी नाडी, सोडवून लुळ्या बोटांकडे वळवण्याची शस्त्रक्रिया बसवली. आखडलेली मूठ उघडू लागली. माणसे पुन्हा हाताने भात कालवून खाऊ लागली.

दुसरा शोध त्याहून मोठा. कुष्ठरोगाने बोटे आपोआप झडतात, असे डॉक्टरही मानत. एकदा एका कोठीचे गंजलेले कुलूप ब्रँड यांना काही केल्या उघडेना. जवळच्या एका किरकोळ अंगाच्या रुग्ण मुलाने किल्ली घेतली आणि सहज फिरवली. ब्रँड यांनी त्याचे बोट पाहिले तर ते हाडापर्यंत कापले होते आणि मुलाला पत्ता नव्हता. वेदनाच नसल्याने कुठे थांबायचे हे हाताला कळत नाही. चुलीवरचे भांडे उचलताना हात भाजतो, रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडतात, आणि सकाळपर्यंत कळत नाही. यावर काढलेला उपाय वैद्यकाच्या कोणत्याही पुस्तकात नसेल. घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर त्यांनी मांजर द्यायला सुरुवात केली!

इथवरची गोष्ट कोणत्याही थोर डॉक्टरची म्हणून सांगता येईल. मला सांगायचे आहे ते यापुढचे. ज्यांचे हात सरळ झाले ते रुग्ण घरी गेले, आणि त्यांतले काही परत आले. तक्रार घेऊन आले. त्यांचे म्हणणे असे की हे नवे हात भीक मागायला वाईट आहेत. पूर्वी वाकडा पंजा पुढे केला की पैसा पडायचा. आता हात बरे दिसतात म्हणून भीक मिळत नाही, आणि अंगावर रोगाच्या खुणा आहेत म्हणून काम मिळत नाही, राहायला जागा मिळत नाही.

डॉक्टरने यावर काय म्हणावे? माझे काम मी केले, पुढचे समाजाने पाहावे, असे ते म्हणू शकले असते आणि त्यात कोणाला चूक दिसली नसती. रुग्ण कृतघ्न आहेत असेही म्हणता आले असते. मदत करणाऱ्या माणसांच्या तोंडी हे वाक्य फार लवकर येते, हे आपण सगळेच जाणतो. ब्रँड यांनी ती तक्रार खरी मानली. पुढे वेल्लोरजवळ बागायमच्या आवारात ‘नवजीव निलयम’ ही साध्या झोपड्यांची वसाहत उभी राहिली. तिथे शस्त्रक्रिया झालेले तरुण राहत आणि सुतारकाम शिकत. शिकवायला पुष्कळदा स्वतः डॉक्टरच. हत्यार धरताना हाताला इजा कशी होते हे तिथेच बारकाईने पाहता आले आणि मुठी बदलून ती टाळता आली. बांधकामाचे ते जुने शिक्षण इथे कामी आले.

त्याच सुमारास विदर्भात वरोऱ्याजवळ बाबा आमटे आनंदवन उभे करत होते. ते वर्ष १९४९. बाबांची वाट वेगळी, भाषा वेगळी. पण औषधाच्या पलीकडे जाऊन कुष्ठरुग्णाच्या हाताला काम दिले पाहिजे, या ठिकाणी दोघेही पोचले. चांगुलपणावर कोणा एका धर्माची मालकी नाही, हे ख्रिस्ती माणसाने म्हणायला संकोच वाटू नये. शोमरोन्याची गोष्ट सांगणाऱ्यानेही परक्यालाच नायक केले होते.

वेल्लोरमध्येच आणखी एक गोष्ट घडली. केरळमधून आलेल्या डॉ. मेरी वर्गीस तिथे स्त्रीरोगशास्त्रात पुढे जाण्याच्या तयारीत होत्या. जानेवारी १९५४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर जाताना मोटारीला अपघात झाला. त्या वाचल्या, पण कमरेखालचे शरीर कायमचे लुळे झाले. वय अठ्ठावीस. भाविक घरातली मुलगी. त्यांच्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांची काय कमी असणार! पण पाय काही परत आले नाहीत. श्रद्धेचा हा प्रांत अवघड आहे आणि त्यावर घाईने बोलणाऱ्यांपासून मी जरा लांबच राहतो. पुढे काय झाले एवढे सांगता येते. हातावरची शस्त्रक्रिया बसून करता येते, असे डॉ. ब्रँड यांनी सुचवले. मेरीबाई चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या.

तिथेही थांबता आले असते. पण पाठीचा कणा दुखावलेल्या इतर माणसांचे घरी गेल्यावर काय होते, हे त्यांना बाहेरून पाहायचे नव्हते, आतून ठाऊक होते. पडून पडून जखमा होतात, मूत्रपिंडे बिघडतात, घरचे थकून जातात. मेरीबाई पुनर्वसनाचे शास्त्र शिकायला ऑस्ट्रेलियात पर्थला आणि मग न्यूयॉर्कला गेल्या, चाकाच्या खुर्चीतूनच. परतल्यावर वेल्लोरला त्या शाखेचा विभाग त्यांनी सांभाळला, आणि १९६६ मध्ये बागायमला अशा रुग्णांना ठेवून घेऊन पुन्हा जगायला शिकवणारी संस्था सुरू झाली. आज तिला त्यांचेच नाव आहे. १९७२ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८६ साली त्या गेल्या.

वाचकहो, आपण कोणी वेल्लोर उभारणार नाही. पण आपल्याही दाराशी हा ‘मग पुढे?’ येतच असतो. मंडळीतला कोणी गेला की आठ-दहा दिवस त्या घरी जेवणाचे डबे जातात, प्रार्थनासभा होते, डोळे पुसले जातात. तिसऱ्या महिन्यात ती बाई पेन्शनच्या कागदांसाठी एकटी खिडकीसमोर उभी असते, तेव्हा बरोबर कोण असते? कामवालीच्या ऑपरेशनला आपण पैसे देतो. पण दोन महिने ती वाकू शकणार नाही, मग तिची चार घरची कामे राहतील की जातील, हे विचारत नाही. नाताळात घोंगड्या वाटतो आणि फोटो काढून घेतो. घोंगडी वाईट नव्हे, थंडी खरीच असते. पण घेणाऱ्याचे नावही आपल्याला पुढच्या नाताळापर्यंत आठवत नाही.

सगळ्यांचे सगळे करता येत नाही, हेही तितकेच खरे. तो शोमरोनीसुद्धा उतारशाळेत मुक्काम ठोकून बसला नाही. त्याला स्वतःचा प्रवास होता, धंदा असेल, घरी बायकामुले असतील. त्याने काम दुसऱ्यावर सोपवले, पैसे मोजले आणि निघाला. एकाच माणसाचे धरावे आणि त्याच्याकडे पुन्हा जावे, एवढे संसार सांभाळून जमण्यासारखे आहे.

कुष्ठरोगाचे म्हणाल, तर आता तो गोळ्यांनी पुरता बरा होतो आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तरी जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्या देशात असतात. आणि हा रोग घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यांत २०१९ पर्यंत होता. हिंदूंच्या कायद्यात होता तसा ख्रिस्ती विवाहाला लागू असलेल्या घटस्फोटाच्या कायद्यातही. त्या वर्षी संसदेने तो काढून टाकला. भाड्याने खोली मागायला आलेल्या माणसाची बोटे पाहून घरमालक जागा नाही म्हणतो, ते मात्र कोणत्याच कायद्यात लिहिलेले नव्हते, त्यामुळे कायदा बदलून ते काही गेले नाही.