रक्त आपलं घेतात, प्रश्न कोण ठरवतं?

सिकलसेलची चर्चा निघाली की आकडे पुढे येतात. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायची आणि 2047 पर्यंत आजार संपवायचा, असं उद्दिष्ट आहे. पूर्व विदर्भात हा आजार जुनाच, त्यामुळे सडक अर्जुनीतल्या घरांना तो नवा नाही. तपासणी व्हायलाच हवी. पण रक्त देणाऱ्यांना कधी कुणी विचारतं का, की तुमच्या आजाराबद्दल नेमकं काय शोधायला हवं?

याचं एक उत्तर शेजारच्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांच्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक सिकलसेलवरच होता. हा प्रश्न लोकांच्या गरजेतून आलेला नव्हता, संशोधकांना महत्त्वाचा वाटत होता, असं डॉ. बंग यांनीच नंतर मांडलं. पुढे कामाची दिशा बदलली. गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग 39 गावांत झाला. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. आज आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करते, त्या पद्धतीची मुळं या प्रयोगात आहेत.

दुसरं उदाहरण नागपूरचं. संपत रामटेके हे डॉक्टर नव्हेत, सिकलसेलग्रस्त मुलाचे वडील. त्यांनी रुग्णांच्या कुटुंबांना संघटित केलं आणि वर्षानुवर्षं सरकारदरबारी पाठपुरावा केला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आणि 2018 मध्ये रामटेके यांना पद्मश्री मिळाली. प्रमाणपत्र, सवलत, शाळेतली गैरहजेरी हे प्रश्न प्रयोगशाळेत दिसत नाहीत, घरात दिसतात.

आता आपल्या घरांकडे बघू. ‘हा आदिवासींचा आजार’ म्हणून आपल्या मोहल्ल्यांत विषय टाळला जातो. पण रक्तातला दोष जात-धर्म विचारून येत नाही. आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता 25 टक्के. चुलत-मामे नात्यात निकाह होतात तिथे, घराण्यात हा दोष असेल तर, दोघंही वाहक निघण्याची शक्यता वाढते. मग निकाह ठरण्याआधी तपासणीचा विषय घरात कसा काढायचा, आणि वाहक निघालेल्या मुलीचं स्थळ मोडू नये म्हणून अहवाल कुणाला दिसावा, कुणाला नाही?

दुसरा प्रश्न रमजानचा. शरीरातलं पाणी कमी झालं की सिकलसेलच्या रुग्णाला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. आजारी माणसाला रोजे नंतर ठेवण्याची किंवा फिदिया देण्याची सवलत शरीयत देतेच. तरी सतरा-अठरा वर्षांचा पोरगा ऐकत नाही, सगळ्यांसोबत रोजा ठेवतो. त्याला डॉक्टरांनी काय सांगावं, इमामसाहेबांनी काय? हा प्रश्न दिल्लीच्या बैठकीत सुचणार नाही, त्या पोराच्या अम्मीला सुचेल. ब्रिटनमध्ये 2004 पासून ‘जेम्स लिंड अलायन्स’ नेमकं हेच करते: रुग्ण, घरचे आणि डॉक्टर एकत्र बसून आधी काय शोधायचं याची यादी ठरवतात.

आपल्याकडेही नियम अगदीच नाहीत असं नाही. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत एक सामान्य नागरिक असावाच लागतो. माहितीपत्रक आपल्याला समजेल अशा भाषेत हवं, आणि मधेच ‘नको’ म्हणायचा हक्क शेवटपर्यंत राहतो. आम्हाला वाटतं, त्या सामान्य नागरिकाच्या खुर्चीत बहुतेक वेळा शहरातलाच कुणी शिकला-सवरलेला माणूस बसत असणार. तिथे सिकलसेलच्या रुग्णाची आई का नसावी?

तोवर शिबिरात सुई टोचण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. हे रक्त फक्त तपासणीसाठी आहे की अभ्यासासाठीसुद्धा? आणि अभ्यासासाठी असेल, तर निष्कर्ष आम्हाला सांगायला परत कोण येणार?