एच-इंडेक्स म्हणजे मेरिट नव्हे

आरक्षणाचा विषय निघाला की समोरून पहिला शब्द येतो, 'मेरिट'. उच्च शिक्षणात या मेरिटला आता आकड्यांचा साज चढवला जातो. शोधनिबंध किती? सायटेशन किती? एच-इंडेक्स किती? हा एच-इंडेक्स कुणी मांडला आणि पुढे त्याचेच मत काय झाले, हे आपल्या तरुणांनी समजून घेतले पाहिजे.

जॉर्ज हिर्श हे मूळचे अर्जेंटिनाचे, अमेरिकेत सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ. पदार्थातील असंख्य इलेक्ट्रॉन एकत्र कसे वागतात, हा त्यांचा अभ्यासविषय. 2005 साली त्यांनी एक सोपे माप सुचवले. एखाद्याच्या 20 शोधनिबंधांचा प्रत्येकी किमान 20 वेळा इतरांनी दाखला दिला असेल, तर त्याचा एच-इंडेक्स 20. मोठ्या विद्यापीठात कायम नेमणुकीसाठी साधारण 12 आणि प्रोफेसरपदासाठी साधारण 18, असा भौतिकशास्त्रापुरता अंदाजही त्यांनी दिला. जगभरच्या निवड समित्यांनी हे माप उचलून धरले.

2020 मध्ये त्याच हिर्श यांनी लिहिले की, वस्तुनिष्ठ माप मिळेल या आशेने आपण हे सुचवले होते, पण ते साफ फसू शकते आणि त्याचे दुष्परिणामही होतात. कारण त्यांच्याच क्षेत्रातले होते. काही पदार्थ खूप थंड केले की त्यांतून वीज विनारोध वाहते. हिला अतिवाहकता म्हणतात. तिचा 1957 चा सर्वमान्य सिद्धांत अपुरा आहे, असे हिर्श अनेक वर्षे मांडत आले आहेत. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटत नाही. कोण बरोबर, हे ठरवण्याचा आमचा अधिकार नाही. मुद्दा एवढाच की प्रस्थापित सिद्धांतावर ज्यांचे करिअर उभे आहे, ते विरोधकाचा दाखला कशाला देतील? सायटेशन मोजते ती चलती. सत्य मोजण्याचे ते साधन नाही.

त्याच वर्षी 'नेचर'मध्ये एक दावा छापून आला: प्रचंड दाबाखाली, सुमारे 15 अंश सेल्सिअसला अतिवाहकता सापडली. निबंध गाजला, शेकडो वेळा उद्धृत झाला. हिर्श मात्र मूळ मोजमापे मागत राहिले, प्रश्न विचारत राहिले. 2022 मध्ये 'नेचर'ने तो निबंध मागे घेतला. शेकडो दाखले त्याला वाचवू शकले नाहीत.

प्रयोगशाळेतल्या विज्ञानाची ही गत, तर जातीने विभागलेल्या समाजात काय होत असेल? दाखला देणारा माणूसच असतो. परिषदेला कुणाला बोलवायचे, निबंधात कुणाचे नाव जोडायचे, हे ओळखीपाळखीने ठरते. घरातला पहिला पदवीधर असलेल्या आपल्या संशोधकाकडे ती ओळख कुठून येणार? तरीही कमी सायटेशन म्हणजे कमी बुद्धी, असा निष्कर्ष बिनदिक्कत काढला जातो.

मग आकडे फेकूनच द्यायचे का? आमचे काही साथी तसे म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार सहाय्यक प्राध्यापकाचे शैक्षणिक गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते. अंतिम निवड केवळ मुलाखतीवर. बंद खोलीतल्या त्या मुलाखतीनंतर राखीव जागेवर 'योग्य उमेदवार आढळला नाही' हा शेरा कसा पडतो, हे आपण जाणतो. अशा वेळी कागदावरचा आकडा हा निदान पुरावा तरी असतो. तो हातचा घालवून चालणार नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. निवड समितीने उमेदवाराचे निवडक निबंध प्रत्यक्ष वाचावेत. गुण आणि नकाराची कारणे लेखी जाहीर करावीत. राखीव प्रवर्गातील उमेदवार असेल तेव्हा त्या वर्गांतील तज्ज्ञ समितीवर असावा, हा नियम आहेच. ती खुर्ची नावापुरती भरली की खरोखर, हे माहिती अधिकारात विचारावे.

ज्याने माप बनवले, त्यालाच त्यातली खोट सांगावीशी वाटली. मित्रांनो, यापुढे कुणी एच-इंडेक्स दाखवून मेरिट शिकवायला आले, तर त्यांना एकच विचारा: तुम्ही आमचा निबंध वाचलात का?