चेहऱ्याची लाली, लेझर आणि मेडिकलमधली ट्यूब

कॉलेज रोड, गंगापूर रोडला एक चक्कर मारा. जिकडे तिकडे लेझरचे बोर्ड. लग्नसराई आली की सिटिंगची पॅकेजं, ऑफर वगैरे. आधीच सांगतो, लेझर वाईट असं माझं म्हणणं नाही. फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांमुळे आलेली लाली योग्य प्रकाशाने खरंच कमी होते. रक्तातलं हिमोग्लोबिन तो प्रकाश शोषतं, तापतं आणि ती वाहिनी बंद पडते. पण आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिनही तोच प्रकाश शोषतं. सेटिंग चुकलं की चटका बसतो, आणि लाली जायच्या ऐवजी काळा डाग राहतो. आणि लेझर म्हणून खपवतात ते आयपीएल तर लेझर नसतंच, फिल्टर लावलेला जोरदार दिवा असतो तो! तेव्हा मशीन कोणतं आणि ते कोणाच्या हातात, हे विचारायला लाजू नका.

पण माझा मुद्दा त्याच्या आधीचा आहे. ही लाली येते कुठून? काहींना रोझेशियासारखा आजार असतो. बऱ्याच जणींची मात्र मेडिकलमधून आलेली असते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत दिवसभर उन्हात राबणारी बाई असो नाहीतर शहरातली कॉलेजची पोरगी, वांग जावेत, रंग उजळावा म्हणून कोणीतरी सांगितलेली ट्यूब आणते. सुरुवातीला चेहरा चकाचक. मग कातडी पातळ, लाल, उन्हात गेलं की आग, पुरळ. लावायची थांबवली की दुप्पट भडका, म्हणून परत लावायची.

ट्यूबवर बारीक अक्षरात बघा: मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल. हे स्टिरॉइड. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायचे असे १४ स्टिरॉइड शेड्यूल एचमध्ये घातले, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांची संघटना आयएडीव्हीएल त्याआधीपासून यावर बोलत होती. आता तुमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन बघा, चिठ्ठी मागतात का! स्वस्त ट्यूबने चेहरा लाल करायचा आणि हजारो रुपयांच्या प्रकाशाने तो निवळायचा, असा हा धंदा. त्यात ट्यूब चालूच ठेवली तर लाली परत हजर.

आणि ज्यांना प्रकाशाची खरी गरज आहे ते? कोड, सोरायसिस यावर नॅरोबँड यूव्हीबी हा चांगला उपचार आहे, ३११ नॅनोमीटरचा. पण आठवड्यातून दोन-तीनदा, असं कित्येक महिने यावं लागतं. सुरगाणा-पेठच्या माणसाने दर खेपेला रोज बुडवून नाशिक गाठायचं? चार खेपांत तो नाद सोडतो. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या दिंडोरी रोडला आहे, आणि कोड झालेल्या पोरीचं लग्न अजून त्याच जिल्ह्यात अडतंय.

म्हणून मागण्या दोनच. अन्न व औषध प्रशासनाने नाशकातल्या मेडिकलमध्ये स्टिरॉइड क्रीमची चिठ्ठी तपासावी. आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात यूव्हीबीचं मशीन, ते चालवणारा माणूस आणि ठरलेल्या दिवशी त्वचेचा डॉक्टर मिळावा. आमदार-खासदारांना टॅग करा, मीही करतोय.

हे वाचून कोणी घरातली ट्यूब काढून बघितली आणि त्यात वरचं नाव सापडलं, तर उद्यापासून एकदम बंद करू नका, भडका उडतो. ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरकडे जा, सिव्हिलची ओपीडी चालेल. ती हळूहळू कशी सोडायची ते सांगतील.