अपुऱ्या प्रमाणभाषेची किंमत

१/ २००१ साली ‘एंटरप्राइझ जावाबीन्स २.०’सोबत ‘ईजेबी क्यूएल’ ही क्वेरी-भाषा अवतरली. ध्येय उदात्त होते : घटक एकदाच लिहावा आणि तो कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरवर, कोणत्याही डेटाबेसवर चालावा.

२/ मात्र या भाषेत नोंदी क्रमाने लावण्याची साधी सोयही नव्हती. बेरीज, सरासरी नव्हती. एसक्यूएलच्या १९८६च्या प्रमाणात हे सारे होतेच.

३/ परिणामी वेबलॉजिक, जेबॉस यांनी आपापल्या बोली घडवल्या. ज्या वचनासाठी ही भाषा जन्मली, तेच भंगले. २००३च्या २.१ आवृत्तीने उणीव भरून काढली, पण उशिरा.

४/ प्रमाणभाषा केवळ नियमांच्या बळावर टिकत नाही. रोजची गरज भागवली तरच टिकते. अन्यथा बोली फुटतात आणि त्याचा दोष बोलींकडे जात नाही.