लग्न एका दिवसाचें, संसार जन्माचा

लग्नसराई आली कीं आमच्या बहुजन समाजाच्या हातांतला पैसा मांडवांत, वाजंत्रींत व जेवणावळींत जातो. प्रसंगीं शेतही गहाण पडतें. एवढ्या खर्चानें बांधलेली गांठ वीस वर्षांनीं पहावी तर नवरा ओसरीवर, बायको चुलीशीं, आणि दोघांत बोलणें तें तेल-मीठ व गुराढोरांपुरतें. लोक म्हणतात, संसार सुरळीत चालला आहे. आम्ही म्हणतों, हा संसार नव्हे, हा नुसता शेजार आहे.

मग जन्मभर टिकणारें प्रेम कशानें जडतें? भटजीच्या मंत्रानें जडत असतें तर एकाही घरांत कुरकुर उरती ना. पोथ्यांनीं तर पतिव्रताधर्म सांगून सारा भार बायकोच्या डोक्यावर ठेविला व नवऱ्यास मोकळें सोडलें. एका बैलानें नांगर ओढावा आणि दुसऱ्यानें सावलींत रवंथ करावा, अशी ही शेती!

महात्मा जोतीराव व सावित्रीबाई यांचें लग्न 1840 सालीं झालें, तेव्हां दोघेंही अजाण होतीं. त्यांचा संसार जोतीराव 1890 सालीं वारले तोंपर्यंत पन्नास वर्षें चालला. जोतीरावांनीं बायकोस आधीं अक्षर शिकविलें. मग 1848 सालापासून मुलींच्या शाळेचें काम दोघांचें झालें. त्यापायीं घर सोडावें लागलें, तेंही दोघांनीं सोडलें. 1856 सालीं सावित्रीबाई माहेरीं आजारी असतां त्यांनीं नवऱ्यास पत्र लिहिलें. त्यांत लाडीगोडी नाहीं. आपल्या मागें शाळेंत फातिमेस त्रास पडत असेल याची काळजी आहे, आणि कामास नांवें ठेवणाऱ्या भावास दिलेलें उत्तर आहे. आमच्या मतें याहून खरें प्रेमपत्र नाहीं.

पोटीं मूल झालें नाहीं. त्या काळीं दुसरी बायको करण्यास कोणाचीच आडकाठी नव्हती. हिंदूंस ती बंदी देशभर कायद्यानें 1955 सालीं झाली. तरी जोतीरावांनीं सवत आणिली नाहीं. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दोघांनीं पोटच्यासारखा वाढविला. पुढें 1888 सालीं पक्षाघातानें जोतीरावांचा उजवा हात गेला. दुखण्यांत सावित्रीबाई जवळ होत्या, आणि अंत्ययात्रेंत टिटवें त्यांनींच धरिलें. पन्नास वर्षें ज्याच्या बरोबरीनें चाललों, त्याच्यापुढें शेवटचीं पावलेंही आपणच टाकावीं, हा हक्क त्यांना कोणत्या शास्त्रानें दिला नव्हता. तो त्यांनीं कमाविला होता.

आतां आमच्या सत्यशोधक बंधूंसही दोन शब्द. जोतीरावांच्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांचे हक्क मागते व वर तसें वचन देतो. वचन मांडवांत देऊन मांडवांतच ठेवणारे आमच्यांत थोडे नाहींत. भटजीस उंबऱ्याबाहेर काढलें, पण भटशाही माजघरांत तशीच राहिली, तर काय साधलें?

म्हणून आमचें सांगणें एवढेंच: घराचा जमाखर्च बायकोपुढें मांडा. सातबाऱ्यावर तिचें नांव लावा. ती आजारी पडली तर भाकरी आपण थापा. तिला वाचतां येत नसेल तर आज रात्रींच पाटी घ्या. दोघांनीं मिळून एखादें असें काम धरा कीं ज्याचा उपयोग शेजाऱ्यालाही होईल. प्रेम मागून मिळत नसतें. बरोबरीनें राबलें कीं तें आपोआप उगवतें.