नकाशावर आपली वस्ती कुठे आहे?

गेल्या पावसाळ्यात वस्तीतील एक ताई आमच्याकडे तक्रार घेऊन आल्या. त्या चार घरची धुणीभांडी करतात, नवरा खाणीवर कंत्राटी मजूर आहे, मुलगा दहावीत. म्हणाल्या, "भाऊ, तुमी समाजाचं काम करता, आमच्या पोट्ट्याले दोन शब्द सांगून पाहा. शाळा सुटली का सायकल घेते आन् चौकात जाते. तिथं एका जागी उभा राहून मोबाईलवर बोट फिरवते. विचारलं त म्हणते, आई, आपल्या इकडे काहीच भेटत नाही."

आमच्या मनात पहिली शंका आली ती जुगाराची. मोबाईलवरच्या पैशाच्या खेळांनी किती घरे बसवली, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. म्हणून येत्या रविवारी चांगले खडसावायचे, असे ठरवूनच आम्ही ओट्यावर गेलो. तिथे पाच मुले आणि एक मुलगी बसलेली. सहा जणांत फोन दोनच, त्यातल्या एकाची काच तडकलेली. "जयभीम, काकाजी" म्हणून मुलांनी जागा करून दिली आणि आपला वाद पुढे सुरू केला.

वाद असा होता की आगीच्या प्राण्यावर पाण्याचा भारी, पाण्याच्या प्राण्यावर गवताचा भारी आणि गवताच्या प्राण्यावर आगीचा भारी, तर समोरच्याकडे तिन्ही असतील तेव्हा आपण आधी कोणता काढायचा? अशा एकूण अठरा जाती आहेत आणि कोणती कोणावर चालते याचा सारा तक्ता या पोरांना तोंडपाठ. गणिताच्या पेपरात घाम फुटणारा मुलगा हा हिशेब बोटे न मोजता सांगत होता. खडसावण्याचे आमच्या मनातच राहिले. आम्ही विचारले, "हे आहे तरी काय?" सहाही जण एकदम बोलले, "पोकेमॉन, काकाजी!"

घरातील वडीलधाऱ्यांना हे नाव कानावरून गेलेले असते, पण माहिती नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. हा खेळ जपानचा. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी तो तिथे प्रथम विक्रीला आला. मूळ नाव पॉकेट मॉन्स्टर, म्हणजे खिशातले विचित्र प्राणी. त्याचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. शहर वाढले, शेते आणि डबकी बुजली, मुलांचे किडे धरणे संपले. तो आनंद खेळात परत आणावा, हा त्यांचा विचार. खेळणारा मुलगा गावोगाव फिरतो, प्राणी पकडतो, त्यांना तयार करतो आणि दुसऱ्यांशी सामने लावतो. पहिल्या खेळात असे १५१ प्राणी होते, आज ते हजाराच्या वर आहेत. भारतात २००३ पासून त्याची कार्टून मालिका दूरदर्शन संचावर दिसू लागली. आज जे तरुण कामाधंद्याला लागले आहेत, त्यांचे बालपण त्यात गेले.

या खेळाची एक गोष्ट आम्हाला विशेष वाटली. १९९६ साली तो एकाच वेळी दोन प्रतींत काढला गेला, एक लाल आणि एक हिरवी. काही प्राणी फक्त लाल प्रतीत, काही फक्त हिरव्या प्रतीत. दोन मुलांनी आपापली यंत्रे तारेने जोडून अदलाबदल केल्याशिवाय कोणाचाही संग्रह पुरा होत नसे. चार प्राणी तर असे होते की ते दुसऱ्याच्या हाती दिल्यावरच त्यांचे शेवटचे रूप प्रकट होई. म्हणजे एकट्याने घरात बसून हा खेळ पूर्ण होऊच नये, अशी व्यवस्था मुळातच केलेली. दुसऱ्याकडे जा, बोल, भांड, दे आणि घे. ओट्यावरचा तो वाद म्हणजे खेळाचाच एक भाग होता, हे आमच्या उशिरा लक्षात आले.

आता त्या माउलीच्या मूळ तक्रारीकडे येऊ. "आपल्या इकडे काहीच भेटत नाही" म्हणजे काय?

मुले खेळतात त्या मोबाईलवरील प्रकाराला पोकेमॉन गो म्हणतात. तो जुलै २०१६ मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत सुरू झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात भारतात आला. यात खुर्चीत बसून भागत नाही. फोनवर खऱ्या रस्त्यांचा नकाशा दिसतो आणि खेळणाऱ्याला खरोखर चालावे लागते. खेळात अंडी मिळतात, ती दोन, पाच, दहा किलोमीटर चालल्याशिवाय फुटत नाहीत. आमच्या खाप्याची पोरे अंडे उबवायला कन्हान नदीपर्यंत पायपीट करतात, हे ऐकून आम्हाला हसू आले. पण प्राणी पकडायला चेंडू लागतात, आणि ते चेंडू नकाशावरील ठराविक ठाण्यांवर मिळतात. एखादा पुतळा, बाग, देऊळ, जुनी इमारत, अशी ही ठाणी असतात. मुलांनी फोन आमच्या हाती दिला. चौकाच्या बाजूला ठाणी दिसत होती. आमच्या वस्तीच्या जागी नुसते रस्ते आणि मोकळी हिरवळ. विहार नाही, वाचनालय नाही, ओटा नाही. जणू इथे कोणी राहतच नाही!

वाचकहो, खेळातली का असेना, ही रिकामी जागा पाहून आम्हाला बरे वाटले नाही.

हे असे का झाले, याची आम्ही माहिती काढली. पोकेमॉन गो काढणाऱ्या नियान्टिक कंपनीचा त्याआधी इन्ग्रेस नावाचा एक खेळ होता. तो खेळणाऱ्यांनी आपापल्या भागातील जागा सुचवल्या आणि त्याच पुढे पोकेमॉनची ठाणी झाल्या. ज्याच्या हाती आधी फोन आला, त्याचा मोहल्ला नकाशावर आला. ज्यांच्यातून कोणी सुचवणारेच नव्हते, त्यांची जागा कोरी राहिली. अमेरिकेतही हेच घडले. तेथील अर्बन इन्स्टिट्यूट या संस्थेने २०१६ साली पाहणी केली, तेव्हा गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या वस्त्यांत अशी सरासरी ५५ ठिकाणे आढळली आणि कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या वस्त्यांत १९. कोणी मुद्दाम बसून त्यांची नावे खोडली, असे नाही. त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांच्या बाजूने कोणी लिहिले नाही, एवढ्यानेच हा फरक पडला. आपल्याकडे हा खेळ आला तो रिलायन्स जिओशी करार करून. त्या कराराने रिलायन्सची हजारो दुकाने ठाणी म्हणून नकाशावर आली. दुकानाला जागा मिळाली, वस्तीला मिळाली नाही. जातीचे, पैशाचे जुने हिशेब नव्या यंत्रात असे आपोआप उतरतात. त्यासाठी कोणाच्या मनात द्वेष असावाच लागतो, असे नाही.

मात्र या रोगाला एक औषध आहे आणि ते मुलांनाच ठाऊक होते. ठराविक पातळी गाठलेला खेळाडू नवीन जागा सुचवू शकतो. जागेचा एक फोटो, आजूबाजूच्या परिसराचा एक फोटो, नाव, वर्णन आणि ही जागा का महत्त्वाची याचे कारण द्यावे लागते. मग इतर खेळाडू ती तपासून कौल देतात. खाजगी घर चालत नाही, लहान मुलांची शाळा चालत नाही, दवाखान्याचा मार्ग अडेल अशी जागा चालत नाही. पायी सुरक्षित जाता आले पाहिजे. लोक जमतात, व्यायाम करतात किंवा जाऊन पाहावे असे काही तिथे आहे, हे पटवून द्यावे लागते. सांगायचे म्हणजे, हा एक अर्ज आहे! आम्ही नोकरीने कारकून. उभी हयात अर्ज घेण्यात आणि अर्जातल्या चुका काढण्यात चालली आहे. ज्याचा अर्ज नाही त्याची नोंद नाही, हे आमच्याइतके कोणाला माहीत असणार?

त्या रविवारचा पुढचा वाद यावरच झाला. एक जण म्हणाला, "आपल्या घराचाच फोटो टाकू, बसल्या बसल्या चेंडू भेटतील." त्यावर ती मुलगी कडाडली, "खोटं टाकशीन त बाकीचे लोकं पाहून हासतीन, आन् पुढं आपलं खरंबी कोणी मानणार नाही." तिचे हे बोलणे आम्ही मनात लिहून ठेवले. एकाने विहार सुचवला, एकाने पिंपळाचा पार, एकाने हातपंप. हातपंपावर बरीच चर्चा झाली. पाण्याची सोय म्हणजे महत्त्वाची जागा, हे त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, पण नियमात बसत नव्हते. शेवटी वाचनालयावर एकमत झाले.

पहिला अर्ज मुलांनी आम्हाला न विचारताच पाठवला आणि तो नामंजूर झाला. आम्ही पाहिला तर वर्णनात एवढेच की 'खूप छान जागा आहे.' फोटोत अर्ध्या जागी मोटारसायकल. आम्ही म्हटले, "बाबांनो, असा अर्ज आमच्या टेबलावर आला असता तर आम्हीही परत केला असता. वाचनालय कोणी बांधले, कधी, कशासाठी, ते लिहा." मुले एकमेकांकडे पाहू लागली. कोणालाच माहीत नव्हते. खरे सांगायचे तर आम्हालाही पुरते माहीत नव्हते, आणि आम्ही त्या वाचनालयाच्या समितीवर आहोत! जुने रजिस्टर वाळवीने कधीच खाल्ले.

मग मुले वस्तीतील सर्वांत म्हाताऱ्या आजींकडे गेली. आजींचे माहेर आणि सासर दोन्ही मागावरच्या कामाचे. खापा हे हातमागाचे जुने गाव, तेव्हा हे नवल नाही. आजींनी सांगितले, "दिवसभर कांड्या भरायच्या आन् रातच्याले आमी बाया विटा वाह्यत होतो. कंदील धरून उभं राहाले पोरं होते. पैसे नव्हते त एकीनं आपली घागर देल्ली." कोणत्या साली, ते त्यांना सांगता येईना. पण थोरल्या मुलाचे नाव शाळेत टाकले त्याच वर्षी, एवढे पक्के आठवत होते. मुलांनी त्या मुलाचा, म्हणजे आता आजोबा झालेल्या गृहस्थांचा, शाळेचा दाखला मागून घेतला आणि साल काढले. खेळात एकेका प्राण्याची जात, वजन, उंची नोंदवून ठेवायची ज्यांना सवय, त्यांनी ही नोंदही तशाच बारकाईने केली. दुसरा अर्ज अकरा ओळींचा झाला. आम्ही त्यातील फक्त शुद्धलेखन तपासले.

आता पालकांच्या मनातील शंकांकडे आम्ही डोळेझाक करणार नाही. हा खेळ फुकट मिळतो, पण आत पैशाने विकत घ्यायच्या गोष्टी आहेत. म्हणून फोनला बँकेचे खाते जोडलेले असेल तर तो मुलांच्या हाती देऊ नये. रस्त्याने चालताना नजर रस्त्यावर हवी, आणि अंधार पडल्यावर मुलगा असो वा मुलगी, फिरणे बंद. दहावीचे वर्ष पुन्हा येत नाही, हेही आम्ही त्या मुलाला स्पष्ट सांगितले. त्याने रोज तासभरच खेळण्याचे आईला कबूल केले आहे आणि बहुतेक दिवस तो ते पाळतो.

आणखी एक गोष्ट मुलांना समजावून सांगावी. २०२५ साली नियान्टिकचा खेळांचा व्यवसाय स्कोपली या कंपनीने साडेतीन अब्ज डॉलरला विकत घेतला. जगभरच्या पोरांनी फुकटात चालून, फोटो काढून, जागा सुचवून जे उभे केले, त्याचीही किंमत त्यात आली. म्हणजे श्रम कोणाचे आणि मालकी कोणाची, हा प्रश्न खेळातही सुटत नाही. आणि भाषेचे काय? २०२३ साली पोकेमॉन गो हिंदीत आला, आठशेहून अधिक प्राण्यांची नावे हिंदीत केली गेली. मराठीत तो अजून नाही. मराठी पोरे खेळतात, याची नोंद तरी कोणी घेतली आहे काय?

अर्जाचे उत्तर हे लिहीपर्यंत आलेले नाही. येईल तेव्हा येईल. मध्यंतरी त्या मुलीने एक काम केले. वाचनालयासाठी समितीने नवीन रजिस्टर आणले होते, त्याच्या पहिल्या पानावर तिने त्या अकरा ओळी सुवाच्य अक्षरात उतरवून काढल्या आणि आजींच्या अंगठ्याचा ठसा घेतला. आम्ही विचारले, "अंगठा कशाला, बाई?" ती म्हणाली, "काकाजी, ज्यानं सांगतलं त्याची सही पाह्यजे ना."

चाळीस-पन्नास वर्षांत आम्हा शिकलेल्यांना जे सुचले नाही, ते सहा पोरांनी एका खेळाच्या निमित्ताने केले. आपल्या घरातली मुले अशी एकत्र बसून वाद घालताना दिसली, तर आधी थोडा वेळ शेजारी बसून ऐकावे. आणि आपल्या वस्तीतील विहीर, पार, वाचनालय, विहार कोणी बांधले हे ज्यांना माहीत आहे, अशी म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांच्याकडे एक वही घेऊन जावे. मुलांना सोबत न्यावे. लिहिण्याचे काम ती आपल्यापेक्षा चांगले करतात.